वाचकांचे प्रश्न : सरकारी कार्यालयात कागद अडतो कुठे?

कार्यालयीन सुधारणा या विषयावर आलेली बरीच पत्रे नागरिकांची आहेत, काही खुद्द कर्मचाऱ्यांची. दोघांचे दुखणे एकच आहे : कागद आत्ता कुणाच्या टेबलावर आहे आणि किती दिवसांपासून, हे कुणालाच सांगता येत नाही. उत्तरे देताना तोच धागा धरला आहे.

प्रश्न : उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज देऊन पाच आठवडे झाले. गेले की "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या" असे सांगतात. सेवा हक्क कायदा आहे म्हणतात, तो प्रत्यक्षात वापरायचा कसा? (सांगली जिल्हा)

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, ती कोणी द्यायची आणि त्याने न दिल्यास अपील कोणाकडे करायचे, हे प्रत्येक खात्याला अधिसूचनेने जाहीर करावे लागते. सेवा देणारा तो 'पदनिर्देशित अधिकारी'. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस आहेत, जातीच्या दाखल्याला ४५.

सगळे काही पोचपावतीवर अवलंबून आहे. पावतीवर अर्जाचा क्रमांक आणि तारीख असलीच पाहिजे, तिथूनच दिवस मोजले जातात. हाताने दिलेल्या अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. नुसता गोल शिक्का मारून दिला तर तारीख लिहून मागा. 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून अर्ज केला असेल तर पावती आपोआप निघते. इथे एक चूक वारंवार होते : केंद्रचालक अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. मग कागद अपुरे असल्याचा संदेश त्याला जातो, तुम्हाला पत्ताच लागत नाही आणि अर्ज तसाच पडून राहतो. पावती हातात आली की पहिल्यांदा नंबर तपासा.

मुदत संपल्यावर किंवा अर्ज नाकारल्यावर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करा. उशिराचे कारण सबळ असेल तर ९० दिवसांपर्यंत अपील दाखल करून घेता येते. अपील लांबलचक नको. एवढे पुरते : "अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक. अधिसूचित मुदत १५ दिवस, ती अमुक तारखेला संपली. आजवर दाखला मिळालेला नाही, नाकारल्याचे लेखी कारणही मिळालेले नाही. सेवा देण्याचे निर्देश व्हावेत." सोबत पावतीची झेरॉक्स. कोण कसे बोलले, किती हेलपाटे झाले, हे अपिलात लिहू नका. अपील अधिकारी तारखा पाहतो, आणि दोन तारखांमधले अंतर नाकारता येत नाही.

प्रथम अपिलाचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा. निकाल पटला नाही तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि निकालच आला नाही तर पहिल्या अपिलापासून ४५ दिवस उलटल्यावर द्वितीय अपील करता येते. अधिकाऱ्याने पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही असे ठरले तर ५०० ते ५,००० रुपये दंड होतो आणि तो त्याच्या पगारातून वसूल होतो. त्यानंतर तिसरा टप्पा सेवा हक्क आयोगाचा, त्यासाठी ६० दिवस मिळतात. मुंबईसाठी मुख्य आयुक्त आणि बाकी प्रत्येक महसूल विभागाला एक आयुक्त अशी रचना आहे.

बहुतेक कामे पहिल्याच अपिलात मार्गी लागतात, कारण अपील नोंदले गेले की तो अर्ज वरिष्ठाच्या यादीत येतो. तोवर तो फक्त एका लिपिकाच्या गठ्ठ्यात असतो.

प्रश्न : माझा अर्ज तीन वेळा 'त्रुटी' म्हणून परत आला. दर वेळी नवीन कागद मागतात. यात मुदत कशी मोजायची? (बीड)

या कायद्यातली ही सर्वांत मोठी पळवाट आहे. मुदत सुरू होते ती 'परिपूर्ण' अर्ज मिळाल्यापासून. चौदाव्या दिवशी त्रुटी काढली की अर्ज कार्यालयाच्या प्रलंबित यादीतून बाहेर पडतो आणि महिन्याच्या अहवालात सगळे वेळेत दिसते. पहिल्यांदा शिधापत्रिका पुसट आहे म्हणायचे, दुसऱ्यांदा स्वयंघोषणापत्र नाही, तिसऱ्यांदा पत्ता जुळत नाही. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी दिसत होत्या.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली त्रुटी आली की पूर्तता करतानाच एका ओळीचे पत्र जोडा : "यापलीकडे आणखी कोणती कागदपत्रे आवश्यक असल्यास ती एकाच वेळी लेखी कळवावीत." दुसऱ्यांदा अर्ज परत आला तर ते पत्र अपिलाचा पुरावा होते. दुसरी गोष्ट, मागितलेला कागद त्या सेवेच्या जाहीर यादीत आहे का ते पाहा. यादीत नसलेला कागद मागितला असेल तर ती त्रुटी नव्हे, तसे अपिलात स्पष्ट लिहा.

काही त्रुटी मात्र खऱ्या असतात. पोर्टलवर फाइलच्या आकाराला मर्यादा आहे. केंद्रावर कागद इतका दाबून चढवतात की आकडे वाचता येत नाहीत. शिधापत्रिकेचे फक्त पहिले पान जोडतात, नावांचे पान राहून जाते. अपलोड झाल्यावर ती प्रत तिथेच उघडून वाचून पाहा, दोन मिनिटे लागतात.

शासनाने करायची दुरुस्ती साधी आहे : त्रुटी एकदाच, ठरावीक दिवसांच्या आत, आणि संपूर्ण कळवायची. पूर्ततेनंतर उरलेले दिवसच मोजायचे, पहिल्यापासून नव्हे. ही एक ओळ नियमात आली तर नव्या चार पोर्टलांपेक्षा जास्त काम करील असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : दाखल्यासाठी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणतात. सक्तीचे आहे का? (जालना)

नाही. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी स्वयंसाक्षांकित प्रत चालते. अपवाद एवढाच, की एखाद्या कायद्यात किंवा नियमातच प्रतिज्ञापत्र सांगितले असेल तर ते द्यावे लागते. खिडकीवर आग्रह धरला तर "कोणत्या नियमानुसार, ते लेखी द्या" म्हणा. पुष्कळदा हा आग्रह कार्यालयाचा नसतोच. बाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाने तो सांगितलेला असतो.

प्रश्न : मी पंचायत समितीत नुकताच कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झालो आहे. टेबलावर आधीच्या कर्मचाऱ्याचे गठ्ठे आहेत, कपाट भरले आहे. सहा गठ्ठा पद्धत पाळा असे आदेश आहेत, पण ती नेमकी कशी लावायची ते कुणी दाखवत नाही. (यवतमाळ)

तुमचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुधारणा अखेर एका टेबलावरच घडते.

ही पद्धत 'लखीना पॅटर्न'मधून आपल्याकडे रुळली. अनिलकुमार लखीना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अभिलेखांची आणि कामाची नव्याने मांडणी केली. पुढे ती पद्धत राज्यभर गेली. २०१७ च्या सुमारास पुणे विभागात राबवलेल्या 'झिरो पेंडन्सी' मोहिमेचा पायाही तोच.

टेबलावरच्या प्रत्येक कागदाला सहांपैकी एकच जागा असते. पहिला गठ्ठा तुम्ही स्वतः कार्यवाही करायच्या प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे तुमचे काम झाले आहे पण दुसऱ्याचे उत्तर यायचे आहे अशांचा. तिसरा नियतकालिकांचा : मासिक, त्रैमासिक विवरणपत्रे. चौथा स्थायी आदेशांचा, यात शासन निर्णय आणि परिपत्रके विषयवार लावायची. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या निकाली प्रकरणांचा. सहावा मुदत संपलेल्या, नष्ट करायच्या कागदांचा.

सुरुवात पहिल्या गठ्ठ्यापासून करू नका, पाचव्या आणि सहाव्यापासून करा. कपाटातला मोठा भाग तिथेच जातो आणि मोकळी जागा दिसली की पुढचे सुचते. दोन शनिवार काढा. प्रत्येक फाइल उघडून शेवटचा कागद पाहा : अंतिम आदेश आहे का, त्यानंतर काही कार्यवाही बाकी आहे का? नसेल तर वर्गवारी करा. 'अ' म्हणजे कायम जतन, 'ब' ३० वर्षे, 'क-१' १० वर्षे, 'क' ५ वर्षे आणि 'ड' एक वर्ष. कोणता विषय कोणत्या वर्गात, याची तुमच्या खात्याची यादी असते. ती चौथ्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवा.

फाइल अभिलेख कक्षात पाठवण्यापूर्वी पृष्ठांकन पूर्ण हवे. टिपणीची पाने वेगळी, पत्रव्यवहाराची वेगळी. म्हणजे टिपणीत "पृ. १२/प.वि. पहावे" (प.वि. म्हणजे पत्रव्यवहार विभाग) असे लिहिले तर ते पान सापडते. स्मरणपत्रे, दुहेरी प्रती, नुसती अग्रेषण पत्रे काढून टाका. तीस पानांची मूळ फाइल अशा कागदांनी दीडशे पानांची होते आणि 'अ' वर्गात गेली की ती दीडशे पाने कायमची सांभाळावी लागतात. वेष्टनावर विषय, वर्ष, पानांची संख्या, वर्ग आणि नष्ट करण्याचे वर्ष लिहा. यातले काही राहिले तर अभिलेखपाल फाइल परत पाठवतो आणि ती पुन्हा तुमच्याच कपाटात येते. सहाव्या गठ्ठ्यातला एकही कागद यादी आणि कार्यालयप्रमुखाची मान्यता असल्याशिवाय फाडू नका. चौकशी लागली तर ती यादीच तुमचे रक्षण करते.

पद्धत कोलमडते ती दुसऱ्या गठ्ठ्यात. एखादे अवघड प्रकरण "वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवले आहे" म्हणून तिथे ठेवले की सुटल्यासारखे वाटते. सहा महिन्यांनी लक्षात येते की मार्गदर्शनाचे पत्र गेलेच नव्हते, किंवा उत्तर येऊन दुसऱ्या टेबलावर पडले आहे. उपाय असा : प्रतीक्षाधीन फाइलच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने पुढची तारीख लिहा आणि गठ्ठा तारखेच्या क्रमाने लावा. सकाळी आल्यावर फक्त वरच्या फाइली पाहायच्या. आज किंवा आजच्या आधीची तारीख असेल तर ती फाइल पहिल्या गठ्ठ्यात येते आणि स्मरणपत्र जाते. तारीख नसलेली एकही फाइल त्या गठ्ठ्यात नको.

कार्यविवरण नोंदवही रोज भरा. कागद आला की त्याच दिवशी क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय. निकाली निघाला की त्याच ओळीत तारीख. शुक्रवारी गोषवारा काढायचा : आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, आलेले, निकाली काढलेले, उरलेले. थकबाकी कशी साचते ते या चार आकड्यांत दिसते. समजा रोज १० कागद येतात आणि तुम्ही ९ निकाली काढता. कुणी तुम्हाला कामचुकार म्हणणार नाही, पण २४० कामाच्या दिवसांनी २४० प्रकरणे अंगावर असतात. हा गोषवारा दर आठवड्याला वरिष्ठांच्या सहीसाठी ठेवा. आकडा सतत चढत असेल तर काम जास्त आहे किंवा माणसे कमी आहेत, हे त्यांना लेखी कळते आणि दोष एकट्या तुमच्यावर येत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेची फाइल वर्षभर एका विभागात फिरते आहे. फाइल किती दिवस ठेवता येते याला काही बंधन नाही का? (ठाणे)

आहे, पण ते बदल्यांच्या कायद्यात असल्यामुळे फारसे कुणाच्या नजरेस पडत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५ असे त्याचे लांबलचक नाव. त्यातल्या कलम १० नुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची फाइल चार दिवसांत, अगदी तात्काळची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, जायची असेल तर तीन महिन्यांत. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. न्यायप्रविष्ट बाबी, अर्धन्यायिक प्रकरणे आणि धोरणात्मक निर्णय मात्र यातून वगळले आहेत.

हे बंधन वापरण्याचा मार्ग माहितीच्या अधिकारातून जातो. "निर्णय कधी होणार" असे विचारू नका. ते मत झाले, माहिती नव्हे. असे विचारा (नस्ती म्हणजे फाइल) : "अमुक क्रमांकाच्या नस्तीच्या टिपणीची आजवरची प्रत, आणि ती नस्ती कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेला आली व पुढे गेली याची नोंद." महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत असावा, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावावे. उत्तरासाठी ३० दिवस. टिपणीवरच्या सह्यांखालच्या तारखा ओळीने लिहून काढल्या की फाइल कुठे अडली ते दिसते आणि त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे नेमकी तक्रार करता येते. प्रकरण जिल्हा स्तरावरच्या किंवा खालच्या कार्यालयातले असेल तर आणखी सोपे : नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात.

फाइल अडण्याचे खरे कारण अनेकदा आळस नसतेच. तिच्यावर सह्या फार असतात. ज्याला फक्त "मान्यतेस्तव सादर" लिहायचे आहे, तोही सात दिवस घेतो. पाच टेबले म्हणजे पस्तीस कामाचे दिवस, आणि तरी कुणी नियम मोडलेला नसतो. म्हणूनच याच कायद्यात अधिकार खाली सोपवून त्यांची यादी प्रसिद्ध करायला सांगितले आहे. आपल्या कामाचा अंतिम निर्णय कोणत्या पातळीवर होऊ शकतो, हे त्या यादीत पाहा. नसेल तर यादीच मागा.

प्रश्न : खरेदीखताची नोंदणी झाली, पण तीन महिने सातबाऱ्यावर नाव नाही. आता सगळे ऑनलाइन आहे ना? (नाशिक)

नोंदणीची सूचना ई-फेरफार प्रणालीतून आपोआप येते, त्यासाठी तलाठ्याकडे वेगळा अर्ज लागत नाही. पण पुढची पायरी माणसांची आहे. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, हितसंबंधितांना नोटीस बजावायची, १५ दिवस हरकतीची वाट पाहायची आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते.

अडते ते बहुतेक नोटिशीत. सातबाऱ्यावर सहा सहहिस्सेदार असतात, त्यांतले दोघे मुंबईला, एक मयत आणि त्याची वारसनोंद झालेली नाही. नोटीस बजावल्याची पोच नाही म्हणून १५ दिवस सुरूच होत नाहीत. दस्त करतानाच सगळ्यांचे आजचे पत्ते लिहून घ्या आणि वारसनोंद आधी पूर्ण करा. दुसरे कारण : दस्तातले क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र किंवा नावाचे स्पेलिंग जुळत नाही. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गट नंबर टाकून नोंद कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा. नोंद नामंजूर झाली असेल तर आदेशापासून ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. जुना हस्तलिखित उतारा संगणकावर चढवताना झालेली चूक असेल तर अपील नको, महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करा.

प्रश्न : सेवा हक्क कायदा गोव्यात चालतो का? (म्हापसा)

महाराष्ट्राचा नाही. गोव्याचा स्वतःचा कालबद्ध सेवांचा कायदा २०१३ चा आहे. मुदती आणि अपील अधिकारी त्यातल्या अधिसूचनांप्रमाणे पाहा.

प्रश्न : बांधकाम परवानगी ६० दिवसांत आली नाही तर मिळाली असे समजायचे, हे खरे का? (कोल्हापूर)

प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये ही 'मानीव परवानगी' आहे. अर्ज मिळाल्यापासून, किंवा प्राधिकरणाने मागितलेल्या माहितीचे उत्तर तुम्ही दिल्यापासून, ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते. पण नकाशा विकास नियंत्रण नियमांशी तंतोतंत जुळणारा हवा. सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, थोडी जरी तफावत निघाली तरी बांधकाम अनधिकृत ठरते. ६१ व्या दिवशी थेट पाया खणू नका. आधी परवानाधारक वास्तुविशारदाकडून नकाशा नियमांप्रमाणे असल्याचे लेखी घ्या. मग प्राधिकरणाला पत्र द्या : अर्जाची तारीख, मुदत संपल्याची तारीख, मानीव परवानगीनुसार अमुक दिवशी काम सुरू करत असल्याची सूचना. त्या पत्राचीही पोच घ्या. गृहकर्ज घ्यायचे असेल तर बँकेला आधी विचारा, कारण शिक्क्याच्या नकाशाशिवाय बँका सहसा पैसे सोडत नाहीत. मानीव परवानगीचे प्रमाणपत्र प्राधिकरणाने ठरावीक दिवसांत द्यायलाच हवे अशी तरतूद होईपर्यंत ही सवलत कर्ज न घेणाऱ्याच्याच कामाची आहे.